कोकोपीटमधले टोमॅटो : फळाच्या बुडाला काळे डाग, खत देऊनही पानं पिवळी

गच्चीकर, ठाणे | ६ जानेवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. गच्चीवर पहिल्यांदाच कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, टोमॅटो लावलेत आणि पुरता अडलोय, म्हणून हा धागा.

स्लॅबवर ओझं नको म्हणून सोसायटीने माती चढवायला नकार दिला. मग कोकोपीटच्या ५ किलोच्या ८ दाबलेल्या विटा आणल्या, भिजवल्या आणि साधारण २० लिटरच्या २४ ग्रो बॅगा भरल्या. ऑक्टोबरच्या शेवटी रोपं लावली. पाणी महापालिकेचं. दर आठ दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पोटॅश सारखं असलेलं खत), लिटरला २ ग्रॅम, मधले दिवस साधं पाणी. फुलं धरल्यावर दुकानदाराने फळ फुगायला ०:०:५० सांगितलं, तेही तीनदा दिलं.

आता पहिल्या दोन घोसांतल्या निम्म्याहून जास्त फळांना बुडाशी काळा डाग पडलाय. चामड्यासारखा, आत दबलेला. खालची पानं शिरांच्या मधे पिवळी, शिरा मात्र हिरव्या. शेंड्याची कोवळी पानं आक्रसलेली आणि कडांना करपलेली. कीड दिसत नाही. नीमतेल दोनदा फवारलं, काही फरक नाही. आईने कुंडीतल्या मातीत वर्षानुवर्षं टोमॅटो घेतले, शेणखतापलीकडे काही न घालता. तिथे हे कधी पाहिलं नव्हतं. खत कमी पडतंय की जास्त होतंय, तेच कळेना.

---

जरबेरावाला, मावळ | ६ जानेवारी, रात्री १०:०५

दादा, बुडाचा काळा डाग हा रोग नाही, फवारणीने जाणार नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाहीये. डाग पडलेली फळं आजच तोडून टाका, ती सुधरत नाहीत, झाडाचं अन्न मात्र खातात.

तीन गोष्टी सांगा.
विटा धुतल्या होत्या का? की नुसत्या भिजवून फोडून भरल्या?
पाणी दिल्यावर बॅगेच्या खालून निचरा बाहेर येतो का?
ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार मोजणारं) आहे का?

आमच्याकडे जरबेरा आधी लाल मातीच्या बेडवर होता. मूळकुज यायला लागली तसे आम्ही कुंड्यांत कोकोपीटवर आलो. पहिल्या वर्षी मीही मातीसारखंच खत दिलं, आठवड्याला दोनदा, आणि पहिला बहर हातचा गेला. माती चूक पोटात घालते. तिच्यात आधीचं काहीतरी साठलेलं असतं. कोकोपीटच्या पोटात झाडाला देण्यासारखं फारसं काहीच नसतं, उलट तेच आधी तुमच्याकडून मागून घेतं.

---

गच्चीकर, ठाणे | ६ जानेवारी, रात्री १०:४०

धुतल्या नव्हत्या. पाकिटावर ‘धुतलेलं’ असं छापलं होतं, त्यावर विसंबलो. निचरा मी मुद्दाम येऊ देत नाही, गच्चीवर तपकिरी डाग पडतात आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते. बॅग ओली होईल इतकंच पाणी देतो. पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारं टीडीएस पेन आहे, आरओ तपासायला घेतलेलं.

---

निवृत्त मास्तर, सातारा | ७ जानेवारी, सकाळी ७:१५

मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता अंगणात हेच करतो. मावळच्या दादांचं निदान बरोबर आहे. ‘कोकोपीट मागून घेतं’ म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण ते एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

कोकोपीटच्या कणांवर ऋण भाराच्या असंख्य जागा असतात. नारळाच्या सोडणात पोटॅशियम भरपूर असतं आणि सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असली तर सोडियमही. या जागांवर हे दोघे आधीच बसलेले असतात. कॅल्शियमवर दोन धन भार असतात. तो आला की दोघांना उठवतो आणि त्यांच्या जागी बसतो. म्हणजे तुम्ही पाण्यातून दिलेलं कॅल्शियम आधी कोकोपीट घेतं आणि बदल्यात मुळाशी पोटॅशियम, सोडियम सोडतं. मॅग्नेशियमचंही तसंच.

आता तुमचं खत बघा. १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम शून्य, मॅग्नेशियम शून्य. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करून झाडाच्या पदरात टाकतात. नव्या कोकोपीटमध्ये ती फौज अजून जमलेलीच नसते. शिवाय युरियाला विद्युतभार नाही, त्यामुळे तो मीटरवर दिसतसुद्धा नाही. त्यात ०:०:५० म्हणजे निव्वळ पोटॅश. पोटॅशियम वाढलं की मुळं कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी उचलतात. आणि ठाण्याचं पाणी धरणांचं, मऊ, त्यातूनही कॅल्शियम फारसं येत नाही. चारही बाजूंनी तुमच्या झाडाचं कॅल्शियम तुटलं.

कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं. पानं पाणी भराभर उडवतात म्हणून त्यांच्याकडे जास्त जातं. फळ पाणी जवळजवळ उडवतच नाही, म्हणून तुटवड्याचा पहिला फटका फळाच्या टोकाला, देठापासून सगळ्यात लांबच्या भागाला बसतो. त्याच कारणाने पानांवर कॅल्शियम फवारून फळाला फारसा उपयोग होत नाही.

---

वेंगुर्लेकरीण | ७ जानेवारी, दुपारी २:३०

मास्तरांनी खाऱ्या पाण्याचं म्हटलं म्हणून लिहिते. आमच्या लहानपणी काथ्यासाठी सोडणं खाडीच्या कडेला चिखलात महिनोन्‌महिने कुजत ठेवायचे. मग बायका ती काढून लाकडी दांडक्याने बडवायच्या. काथ्या वेगळा व्हायचा आणि खाली लालसर भुसा पडायचा, त्याला कोणी विचारत नसे. ढिगावर गवतही उगवायचं नाही. आज तोच भुसा विटा दाबून विकला जातो. आता बरंच काम यंत्रावर सुक्या सोडणाचं होतं, पण पावसात नीट धुतला गेलेला भुसा कोणता आणि क्षार राहिलेला कोणता, हे वीट बघून ओळखता येत नाही. ओला करून पाणी तपासावंच लागतं.

एक सांगते, भुसा वाईट नव्हे. आमच्या बागेत माडाच्या आळ्यात सोडणं पालथी न घालता उताणी पुरतात, ती उन्हाळाभर ओल धरतात. पाणी धरावं तर सोडणानेच. क्षार निघाला की त्याच्यासारखं मऊ अंथरूण मुळांना दुसरं नाही.

---

गच्चीकर, ठाणे | ७ जानेवारी, रात्री ८:५०

आज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर एक बॅग दोन विटांवर उचलून ठेवली, खाली स्टीलचं ताट. हळूहळू एक लिटर साधं पाणी घातलं. काहीच आलं नाही. दुसरा लिटर निम्मा झाल्यावर कडेच्या भोकातून पहिला थेंब पडला, कोऱ्या चहासारखा. वाटीभर जमल्यावर पेन बुडवलं. १८०० दाखवलं. नळाचं पाणी त्याच पेनवर ७०.

हे किती वाईट आहे? खत तर आठवड्यातून एकदाच देत होतो.

---

जरबेरावाला, मावळ | ७ जानेवारी, रात्री ९:३०

पेनच्या मागे बघा, कुठला गुणक आहे, म्हणजे ईसीला कितीने गुणून ते पीपीएमचा आकडा दाखवतं. बहुतेक स्वस्त पेनं ५०० वर चालतात, काही ७०० वर. ५०० चं असेल तर १८०० म्हणजे ईसी ३.६. ७०० चं असेल तर २.६ च्या आसपास. म्हणून आम्ही पीपीएम बोलतच नाही, ईसीच बोलतो. १.४१३ चं तपासणी द्रावण मिळतं, त्यात पेन एकदा बुडवून खात्री करून घ्या.

३.६ असेल तर मुळं मिठागरात उभी आहेत. निचरा न काढल्याचा हा परिणाम. झाड पाणी उचलतं, नको असलेला क्षार मागे ठेवतं आणि तो बॅगेतच चढत जातो. मातीत आपण ‘पाणी वाया नको’ म्हणतो, इथे उलट. जेवढं द्याल त्याच्या १० ते २० टक्के खालून बाहेर आलंच पाहिजे. डागांची तक्रार असेल तर खाली पन्हळ लावून बादलीत घ्या, पण काढा.

आता करायचं काय : बॅगा धुवायच्या, पण साध्या पाण्याने नाही. साध्या पाण्याने फक्त मोकळा क्षार जातो, कणांना चिकटलेलं पोटॅश-सोडियम तसंच राहतं. सौम्य खतपाणी करा, ईसी १ च्या आसपास, त्यात कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट हवंच. प्रत्येक बॅगेत ते हळूहळू सोडत राहा, निचऱ्याचा आकडा २ च्या खाली येईपर्यंत. १९:१९:१९ आणि ०:०:५० बंद.

---

निवृत्त मास्तर, सातारा | ८ जानेवारी, सकाळी ६:५०

धुऊन झाल्यावरचं रोजचं खत लिहून देतो. मऊ पाण्यासाठी, फळावर असलेल्या टोमॅटोसाठी. दोन बाटल्या करा, प्रत्येकी १ लिटर.

ए बाटली : कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, १३:०:४५ ४० ग्रॅम, चिलेटेड लोह (ईडीटीए नावाच्या रसायनाने धरून विरघळतं ठेवलेलं, १२ टक्के) १.७ ग्रॅम.
बी बाटली : मॅग्नेशियम सल्फेट ५० ग्रॅम, ०:५२:३४ २० ग्रॅम, आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावरच्या मात्रेने, १०० लिटरच्या हिशेबाने.

वापरताना १० लिटर पाण्यात १०० मिली ए घालून ढवळा, मग १०० मिली बी. यातून झाडाला दर लिटरमागे साधारण १७५ मिलिग्रॅम नत्र, ४५ स्फुरद, २०० पोटॅशियम, १५० कॅल्शियम आणि ४८ मॅग्नेशियम मिळतं. ईसी २ च्या जवळपास येईल.

ए आणि बी घट्ट असताना एकत्र करू नका. कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम होतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की तेही खाली बसतं. एकदा हे हौसेने करून पाहा : दोन्हींचा एकेक चमचा काचेच्या ग्लासात ओता. पाणी दुधासारखं होतं. तो पांढरा साका म्हणजे झाडाच्या तोंडचं अन्न, आणि ठिबक असेल तर ड्रिपरच्या भोकातलं बूच.

पीएच ५.८ ते ६.२ ठेवा. ईडीटीएचं लोह ६.५ च्या वर हातातून निसटायला लागतं, मग नवी पानं पिवळी पडतात आणि माणूस पुन्हा खत वाढवतो.

रोज द्या, साध्या पाण्याचा दिवस ठेवू नका. उन्हाळ्यात झाड पाणी जास्त पितं, तेव्हा खत पातळ करा, ईसी १.५ च्या आसपास, आणि फेऱ्या वाढवा. ढगाळ, गार दिवसांत थोडं घट्ट चालतं.

---

देशी बियाणं, नाशिक | ८ जानेवारी, सकाळी ११:१०

सगळं वाचतोय. मनात आलं ते बोलतो, कोणी राग मानू नये. आपण घरचं बिनविषारी खावं म्हणून गच्चीवर भाजी लावतो आणि शेवटी पाकिटातली पांढरी पावडर मोजत बसतो. गांडूळखत, जीवामृत, सरकीची पेंड यावर का होत नाही? माझ्या गच्चीवर पालक, मेथी, वांगी सगळं होतंय.

---

जरबेरावाला, मावळ | ८ जानेवारी, दुपारी १:००

राग कशाला. तुमचं मिश्रण कसं आहे ते सांगा.

---

देशी बियाणं, नाशिक | ८ जानेवारी, दुपारी १:२५

निम्मं गांडूळखत, थोडी माती, उरलेलं कोकोपीट.

---

जरबेरावाला, मावळ | ८ जानेवारी, रात्री ८:४०

मग तुमचं बरोबरच आहे, आणि नव्याने सुरू करणाऱ्या कोणालाही मी तेच सांगेन. त्या मिश्रणात जिवाणू आहेत, गांडूळखतात कॅल्शियम आहे, मीटर लागत नाही. पालेभाजीला तर छानच. तिथे कोकोपीट फक्त पाणी धरतं, अन्नाचं काम खत करतं.

पण गच्चीकरांच्या बॅगेत नुसतं कोकोपीट आहे. त्यात जीवामृत ओतलं तर ते काम कोणाच्या जोरावर करणार? कच्च्या कोकोपीटमध्ये कर्ब प्रचंड, नत्र अगदी कमी. जिवाणू वाढले तर आधी नत्र तेच खाऊन बसतील. आणि ठिबकातून जीवामृत सोडलं की गाळणी दिवसाआड साफ करावी लागते, ते मी करून पाहिलंय. या दोन वेगळ्या पद्धती आहेत. अर्धी ही, अर्धी ती केली की झाडाचे हाल होतात.

---

बोरवेल, सोलापूर | ९ जानेवारी, रात्री ९:००

माझं जरा निराळंच हाय. मास्तरांनी वर लिहिलंय जवळजवळ त्याच मापाने खत मी आधीपासूनच देतो, तीन महिने झाले, कोकोपीटमध्ये ढोबळी मिरची. बुडाला डाग नाहीत, पण नवी पानं पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या. ड्रिपर आठवड्याला बंद पडतात, तोंडाशी पांढरी पुटं. पाण्याचा रिपोर्ट : पीएच ८.१, ईसी १.१, बायकार्बोनेट ३६६.

---

निवृत्त मास्तर, सातारा | १० जानेवारी, सकाळी ७:०५

रिपोर्ट दिलात म्हणून नेमकं बोलता येतं. तुमचं दुखणं ठाण्याच्या अगदी उलट आहे. बेसॉल्टमधल्या बोरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम बहुधा आधीच असतं, त्यात तुम्ही पूर्ण माप घालताय. आणि लिटरला ३६६ मिलिग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे ६ मिलिइक्विव्हॅलंट (किती ॲसिड लागेल ते काढायचं एकक). ते रोज पीएच वर ढकलतं, लोह निकामी करतं, आणि ड्रिपरच्या तोंडाशी चुना होऊन बसतं.

यातलं साधारण अर्धा मिलिइक्विव्हॅलंट राहू द्यायचं, बाकीचं ॲसिडने मारायचं. सगळं फॉस्फोरिकने मारायला गेलात तर लिटरमागे १७० मिलिग्रॅम स्फुरद जाईल, हवं त्याच्या जवळजवळ चौपट, आणि कडक पाण्यात त्याचाच साका होईल. पॉलीहाऊसवाले म्हणून नायट्रिक वापरतात आणि तेवढा नत्र खतातून वजा करतात. पण घरच्या गच्चीवर नायट्रिक हाताळू नका, माझी कळकळीची विनंती आहे. निम्मं बोरचं आणि निम्मं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी करा, बायकार्बोनेट आपोआप निम्मं होईल. उरलेल्याला थोडं फॉस्फोरिक पुरेल, आणि मग बीमधलं ०:५२:३४ कमी करा. कुठलंही ॲसिड असो, पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. चष्मा, हातमोजे हवेतच.

लोह ईडीडीएचए प्रकारचं घ्या, गडद लाल रंगाचं द्रावण होतं. ते चढ्या पीएचलाही टिकतं. रिपोर्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम किती, तेही लिहा. सोडियम जास्त असेल तर ॲसिडने काही होणार नाही, पाणीच बदलावं लागेल.

---

वेस्टलँडहून | १० जानेवारी, रात्री ११:४५

मी नेदरलँड्समध्ये वेस्टलँडला एका काचगृहात कामाला आहे. मूळ गाव जुन्नर तालुक्यात. इथे स्ट्रॉबेरी उंच पन्हळींवर कोकोपीटमध्ये असते. मास्तरांनी पावसाच्या पाण्याचं म्हटलं म्हणून लिहावंसं वाटलं. इथल्या काचगृहांच्या छपरावरचं पावसाचं पाणी मोठ्या तळ्यांत साठवतात आणि खतासाठी आधी तेच वापरतात, कारण त्यात सोडियम जवळजवळ नसतं. निचऱ्याचं पाणी गोळा करून, निर्जंतुक करून, पुन्हा खत जुळवून वापरतात. ते बाहेर सोडायला कडक बंधनं आहेत, नत्र कालव्यात जातं म्हणून.

ठाण्याला चार महिने आभाळातून असं पाणी फुकट पडतं. गच्चीकर, पत्र्याच्या शेडखाली दोन ड्रम ठेवाच. फक्त लक्षात असू द्या, पावसाच्या पाण्याला स्वतःचा आधार नसतो, म्हणजे पीएच धरून ठेवणारं बायकार्बोनेट त्यात नसतं, ॲसिडचे चार थेंबही पीएच धाडकन खाली आणतात.

निचरा गटारात सोडू नका. जमिनीतला मोगरा, जास्वंद, नारळ त्यावर खूश असतात.

---

गच्चीकर, ठाणे | २ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मंडळी, उशिरा लिहितोय, पण झाडं काय म्हणतात ते बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

पेन ५०० चंच निघालं. म्हणजे खरोखर ३.६. दोन रविवार बॅगा धुतल्या. पहिल्या बॅगेत एक गोष्ट दिसली, ती सांगायलाच हवी. मावळच्या दादांचं म्हणणं पडताळायला म्हणून तिला आधी साधं पाणी दिलं. निचरा उतरत उतरत १.४ वर आला, रंगही फिका झाला, वाटलं झालं काम. मग ईसी १ चं कॅल्शियमवालं पाणी घातलं तर निचरा परत २.३ वर चढला आणि रंग पुन्हा गडद. आत गेलं १, बाहेर आलं २.३. मास्तर, जागेवरून उठलेले ते दोघे, पोटॅशियम आणि सोडियम, मला आकड्यात दिसले. आणखी चार बादल्यांनंतर निचरा १.६ ला स्थिरावला.

आता रोज सकाळी आठला आणि दुपारी एकला खतपाणी, ईसी २. खाली पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ केली, निचरा बादलीत येतो, तो सोसायटीच्या आवारातल्या जास्वंदीला जातो. तक्रार बंद. दर बुधवारी तीन बॅगांचा निचरा मोजून वहीत लिहितो.

खालची पिवळी पानं तशीच राहिली, ती काढून टाकली. शेंड्याची पानं पंधरा दिवसांत सरळ झाली. तिसऱ्या घोसात दोन फळांना डाग होता. चौथा घोस आता गोटीएवढ्यातून लिंबाएवढा झालाय. २४ झाडांवरचं एकेक फळ उलटं करून पाहिलं. एकालाही डाग नाही.

जूनमध्ये नवी लागवड करायची आहे. नव्या विटा भरण्याआधी कशा तयार करू?

---

जरबेरावाला, मावळ | २ फेब्रुवारी, रात्री ९:५५

वाचून फार बरं वाटलं.

५ किलोची वीट आधी साध्या पाण्यात फुगवा, पिळून ते पाणी टाका, असं दोनदा. मग २० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर भिजू द्या, मधे एकदा खालवर करा. सकाळी ते पाणी निथळून टाका, एकदा साध्या पाण्याने धुवा आणि मूठभर कोकोपीट पिळून पेन लावा. ईसी ०.८ च्या खाली असेल तर भरा. नाहीतर एक रात्र आणखी.

जुनं कोकोपीटही टाकू नका. मुळं चाळून काढा, ते आधीच तयार झालेलं आहे. मूळकुज आली नसेल तर आणखी एक-दोन पिकं आरामात देईल.

---

बोरवेल, सोलापूर | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

मास्तर, कॅल्शियम ७२, मॅग्नेशियम ३८, सोडियम ५५. निम्मं आरओ सुरू केलंय, लाल लोह परवा आणलं. कॅल्शियम नायट्रेट किती कमी करू?

---

निवृत्त मास्तर, सातारा | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:००

निम्मं आरओ म्हणजे पाण्यातून ३६ कॅल्शियम आणि १९ मॅग्नेशियम आयतं येतंय. ए बाटलीत ८० ऐवजी ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घाला, बीमध्ये ५० ऐवजी ३० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. कमी झालेल्या नत्रासाठी १३:०:४५ वाढवू नका, पोटॅश चढेल. सोडियमही निम्म्यावर आलंय, पण निचऱ्यात ते साठतं, म्हणून निचरा २० टक्क्यांवर ठेवा. दहा दिवसांनी शेंड्याच्या पानाचा फोटो टाका.